फलाट चकाचक, गाडी केव्हा?

बेगमपेट रेल्वे स्थानकाचं नवं रूप २२ मे २०२५ रोजी लोकांसाठी खुलं झालं. स्थानकांच्या पुनर्विकासाच्या 'अमृत भारत' योजनेतल्या १०३ स्थानकांचं उद्घाटन पंतप्रधानांनी त्या दिवशी राजस्थानातून एका दमात केलं. त्यांत तेलंगणाची तीन स्थानकं होती: वरंगळ, करीमनगर आणि ऐन हैदराबादच्या पोटातलं हे बेगमपेट. खर्च सुमारे २६ कोटी. दर्शनी भाग नवा, लिफ्ट आल्या, सरकते जिने आले. काम वाईट नाही, उलट या शहरातल्या उपनगरी स्थानकांकडे इतकी वर्षं ज्या बेपर्वाईने पाहिलं गेलं, ते आठवलं तर कौतुकच वाटतं. फक्त फलाटावर उभ्या माणसाच्या मनातला पहिला प्रश्न या २६ कोटींनी सुटलेला नाही. पुढची लोकल केव्हा?

हैदराबादच्या लोकलला इथे कुणी लोकल म्हणत नाही, एमएमटीएस म्हणतात. मल्टी मोडल ट्रान्सपोर्ट सिस्टिम हे तिचं भारदस्त पूर्ण नाव. ९ ऑगस्ट २००३ रोजी ती सुरू झाली, म्हणजे या व्यवस्थेला आता वीस वर्षं उलटून गेली. इतक्या काळात एका पिढीला तिची सवय लागायला हवी होती. तशी लागतही होती. मग काय झालं, स्थानकं सुधारत असताना प्रवासी का पांगले, आणि 'प्रवासी सुविधा' या शब्दांत रेल्वे जे मोजते त्यात प्रवाशाला लागणारं किती असतं, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. उपनगरी स्थानकाची पहिली सुविधा म्हणजे तिथे वेळेवर येणारी गाडी. दुसरी म्हणजे फाटकाबाहेरचा रस्ता. ग्रॅनाइटची फरशी, रोषणाई, सेल्फी पॉइंट यांचा नंबर त्यानंतर लागतो, आणि हैदराबादेत तो क्रम बरोबर उलटा लागला आहे.

मुळात हे रूळ शहरातल्या माणसाला शहरात फिरवण्यासाठी टाकलेलेच नव्हते. मुंबई-मद्रास मार्गावरच्या वाडी जंक्शनपासून सिकंदराबादपर्यंत निजामाच्या रेल्वेची गाडी आली १८७४ मध्ये. आजची लिंगमपल्ली-बेगमपेट-सिकंदराबाद एमएमटीएस धावते ती याच मार्गावरून. नामपल्लीचं हैदराबाद स्थानक १९०७ चं. काचीगुड्याची देखणी इमारत १९१६ ची. तिथून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज ही मराठवाड्याची खरी धमनी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. हायकोर्ट हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठ हैदराबादला, मोठा दवाखाना हैदराबादला. काचीगुडा, सुलतानबाजार, बरकतपुरा या भागांत मराठी बिऱ्हाडं वसली त्यामागे ही आगगाडी आहे. आजही अजिंठा एक्स्प्रेस मनमाड-काचीगुडा धावते आणि नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेतच, म्हणजे सिकंदराबादच्या मुख्यालयाखालीच आहे. तेव्हा हैदराबादच्या रुळांची गोष्ट मराठी वाचकाला परकी नाही.

रूळ होते, त्यांच्या दोन्ही बाजूंनी शहर फुगत गेलं. नव्वदच्या दशकात माधापूरच्या माळावर हायटेक सिटी उभी राहिली (सायबर टॉवर्सचं उद्घाटन नोव्हेंबर १९९८ मध्ये वाजपेयींच्या हस्ते झालं) आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की वाडीकडचा जुना रूळमार्ग या नव्या शहराच्या कुशीतून जातो. नवी जमीन नको, खांब नकोत. आहे त्या मार्गावर थोडे फलाट वाढवा, सिग्नल सुधारा, ईएमयू, म्हणजे विजेवरच्या लोकल गाड्या आणा. राज्य सरकार आणि रेल्वे यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलायचं ठरलं. पहिला टप्पा १७८ कोटींत झाला: सिकंदराबाद आणि नामपल्लीहून लिंगमपल्ली, आणि २००४ मध्ये जुन्या शहरातून फलकनुमापर्यंत.

हा आकडा दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. हैदराबाद मेट्रोचा करारातला खर्च १४,१३२ कोटी, नियोजित लांबी ७१ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला जवळपास २०० कोटी. एमएमटीएसचा चाळीसेक किलोमीटरचा अख्खा पहिला टप्पा मेट्रोच्या एका किलोमीटरपेक्षा कमी पैशांत झाला. मधली वर्षं आणि महागाई हिशेबात धरली तरी हे गणित डोळे दिपवणारं आहे. भारतातल्या दुसऱ्या कुठल्या शहराने इतक्या स्वस्तात इतकी रेल्वे मिळवली असेल असं वाटत नाही.

पण स्वस्ताईची किंमत असते, आणि इथे ती वेळापत्रकात मोजावी लागली. एमएमटीएसला स्वतःचे रूळ नाहीत. ज्या रुळांवरून ती धावते त्यांवरूनच लांब पल्ल्याच्या गाड्या जातात, मालगाड्या जातात. पुणेकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. पुणे-लोणावळा लोकल ११ मार्च १९७८ ला सुरू झाली आणि तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या मेल-एक्स्प्रेसना वाट देत तिचं आयुष्य चाललं आहे. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची मागणी करता करता पासधारकांची एक पिढी निवृत्त झाली. मुंबईत जलद-धिमे वेगळे मार्ग आहेत, त्यांतही भागत नाही म्हणून पाचवी-सहावी मार्गिका आली. हैदराबादेत यातलं काही नाही. दिल्लीहून आलेली सुपरफास्ट आधीच उशिरा असेल तर लोकल आणखी थांबते, कारण एक्स्प्रेसचा उशीर कागदावर दिसतो आणि कामावर निघालेल्या माणसाचा दिसत नाही. ११ नोव्हेंबर २०१९ ला तर काचीगुड्याला लोकल आणि कर्नूलहून येणारी हंड्री एक्स्प्रेस समोरासमोर आदळल्या. लोकलचा चालक कित्येक तास केबिनमध्ये अडकून पडला, पुढे तो वाचला नाही. विरोधाभास असा की 'कवच' ही टक्कररोधक यंत्रणा याच दक्षिण मध्य रेल्वेवर, विकाराबादच्या बाजूला तपासली गेली. मार्च २०२२ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी स्वतः इंजिनात बसून चाचणी पाहिली ती गुल्लागुडा-चिटगिड्डा दरम्यान, म्हणजे लिंगमपल्लीपासून फार दूर नाही.

तरीही कोविडच्या आधी गाडं बरं चाललं होतं. दिवसाला १२१ फेऱ्या आणि दीड लाखाहून जास्त प्रवासी. मुंबईच्या पाऊण कोटीपुढे ही संख्या म्हणजे काहीच नाही, पण सवय लागायला पुरेशी. सकाळी फलकनुमा, याकूतपुरा, मलकपेटहून निघालेली गाडी कारागीर, शिपाई, विद्यार्थी, कॉल सेंटरची पोरं यांना एकाच डब्यात कोंबून पश्चिमेकडे नेत असे. तासाभराचा प्रवास, तिकीट दहा रुपयांच्या आत-बाहेर. २३ मार्च २०२० ला ती थांबली आणि सुरू झाली थेट २३ जून २०२१ ला, तीही सुरुवातीला दहाच फेऱ्यांनी. पंधरा महिने. एवढ्या काळात माणूस दुचाकीचं कर्ज काढतो, मेट्रोचं कार्ड घेतो, घर बदलतो. फेऱ्या हळूहळू वाढल्या, पण जुन्या आकड्याला पोचल्या नाहीत, आणि त्या वाढेपर्यंत प्रवासी वाट पाहत थांबले नव्हते. त्यात देखभालीच्या कामांसाठी, विशेषतः रविवारी, तीस-तीस फेऱ्या रद्द झाल्याचं पत्रक निघतं. ते पत्रक आदल्या संध्याकाळी वाचणारे प्रवासी किती असतील?

गाडीच्या भरवशाचा प्रश्न सोडवता येतच नाही असं नाही, याचा पुरावा हैदराबादेतच दरवर्षी मिळतो. खैरताबादचा उंचच उंच गणपती १९५४ पासून बसतो. टिळकांच्या सार्वजनिक उत्सवाची प्रेरणा त्यामागे सांगितली जाते, तेव्हा आपलंही त्यात थोडं देणं आहे. विसर्जनाच्या रात्री हुसेनसागर तलावाभोवती लाखो माणसं लोटतात आणि त्या रात्री रेल्वे मध्यरात्रीनंतरही जादा एमएमटीएस सोडते. खैरताबाद, नेकलेस रोड, लकडी का पूल ही एरवी पेंगणारी स्थानकं पहाटेपर्यंत जागी असतात. गाड्या येतात, लोक चढतात, घरी जातात. रूळ तेच, गाड्या त्याच. वर्षातून एका रात्री जे होतं ते ठरवलं म्हणून होतं.

आता थोडं वापरणाऱ्याच्या बाजूने. मुंबई-पुणे-सोलापूरकडून हुसेनसागर एक्स्प्रेसने येणाऱ्याला पार नामपल्लीपर्यंत जायची गरज नसते. गचिबावली, कोंडापूर, मियापूरकडे जायचं असेल तर लिंगमपल्लीला उतरावं, शहराच्या मध्यभागी जायचं तर बेगमपेटला. तिथून एमएमटीएस मिळते. तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं, जे आजच्या दिवसात चहाच्या टपरीवरही फारसं काही मिळवून देत नाही. खिडकीवर रांग असेल तर स्वयंचलित यंत्र आहे, आणि मोबाइलवरच्या ॲपमधून कागदाविना तिकीट निघतं. त्यात एक मेख आहे. कागदाविना तिकीट स्थानकाबाहेर असतानाच काढायचं असतं. फलाटावर येऊन, गाडी समोर पाहून फोन काढला की ॲप नकार देतं. तिकीट न काढता आत शिरलेल्याने टीसीला पाहून घाईघाईने तिकीट काढू नये म्हणून हा नियम, आणि तो रास्त आहे. पण नवख्या माणसाला तो कुठेही ठळक लिहिलेला दिसत नाही. स्थानकात चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केला तर आतूनही तिकीट निघू शकतं. तो चिकटवलेला सापडला पाहिजे इतकंच. फर्स्ट क्लासचं सुट्टं तिकीट मे २०२२ मध्ये जवळपास निम्म्याने स्वस्त झालं. गर्दीच्या वेळी तो चांगला सौदा आहे.

फलकांबाबत मात्र हैदराबादची स्थानकं पैकीच्या पैकी गुण घेतात. तेलुगू, हिंदी, इंग्रजी आणि उर्दू, चारही लिपींत नाव. मराठी माणसाला देवनागरी वाचून उतरता येतं. गंडवतात ती नावं नव्हे, नावांची जोडपी. मेट्रो २८ नोव्हेंबर २०१७ ला सुरू झाल्यापासून बेगमपेट, भरतनगर, खैरताबाद, लकडी का पूल, मलकपेट, हायटेक सिटी अशा नावांची दोन-दोन स्थानकं शहरात आहेत, एक रेल्वेचं आणि एक मेट्रोचं. मलकपेटला ती जवळजवळ खेटून आहेत. बाकी काही ठिकाणी पाच-सात मिनिटं चालावं लागतं, तेही फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून. हायटेक सिटीला तर दोघांचा काही संबंधच नाही. मेट्रोचं हायटेक सिटी सायबर टॉवर्सच्या अंगाला आहे आणि रेल्वेचं हायटेक सिटी कुकटपल्ली हाउसिंग बोर्डाकडे, दोनेक किलोमीटर लांब. नाव वाचून विश्वासाने उतरलेला उमेदवार मुलाखतीला उशिरा पोचतो. दोन्ही व्यवस्थांच्या आराखड्यांवर शिक्के मारणारं सरकार एकच होतं, तरी जोडणारा पादचारी पूल कुणाच्याच अंदाजपत्रकात बसला नाही. 'मल्टी मोडल' हे नाव मिरवणाऱ्या व्यवस्थेत एका वाहनातून दुसऱ्यात जायची सोय सगळ्यात कच्ची असावी, यावर काय बोलावं.

फाटकाबाहेर प्रवाशाची वाट पाहतात त्या शेअर ऑटो. त्याआधी सात सीटर होत्या, ज्यांत अकरा माणसं बसत. या ऑटोवाल्यांना कुणी वेळापत्रक दिलेलं नाही, पण गाडी कधी येणार हे त्यांना स्थानकातल्या इंडिकेटरपेक्षा बरं कळतं. हायटेक सिटी स्थानकाबाहेरून सायबर टॉवर्सकडे, लिंगमपल्लीहून गचिबावलीकडे जाणारा त्यांचा ओघ ही या लोकलची खरी दुसरी बाजू. राज्य परिवहनाच्या, म्हणजे आरटीसीच्या, स्थानकाला जोडणाऱ्या बसेस सुरुवातीच्या काळात मोठ्या उत्साहाने निघाल्या, मग विरल्या. गाडी वेळेवर नाही म्हणून बस रिकामी जाते, बस नाही म्हणून गाडीचा प्रवासी तुटतो. हे चक्र एकदा फिरलं की थांबवणं अवघड. त्यावर ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना आरटीसीच्या साध्या बसमधून फुकट प्रवास सुरू झाला. पाच रुपयांच्या लोकलशी स्पर्धा करायची तर शून्य रुपयेच हवेत, आणि ते आले. बस दाराजवळ येते, दहा-पंधरा मिनिटांत दुसरी येते. ज्या घरकाम करणाऱ्या, कपड्याच्या दुकानात उभ्याने दिवस काढणाऱ्या बायका लोकलने जात, त्यांनी बस पकडली तर त्यांचं काय चुकलं? स्थानकावर कितीही नवी बाकं टाकली तरी हा हिशेब बदलत नाही.

बाकांवरून आठवलं. रेल्वेत 'प्रवासी सुविधा' हा एक रीतसर हिशेबाचा प्रकार आहे. २०१७ पासून देशभरातली स्थानकं तीन गटांत आहेत: बिगर-उपनगरी, उपनगरी आणि हॉल्ट. उत्पन्न आणि प्रवासीसंख्या पाहून त्यांच्या पायऱ्या ठरतात आणि पायरीनुसार किमान आवश्यक सुविधा ठरतात. पिण्याचं पाणी, बसायची जागा, छप्पर, मुतारी-शौचालय, दिवे, पंखे, घड्याळ, उद्घोषणा. यादी शहाणपणाची आहे. तिच्यात खोट इतकीच की ती वस्तू मोजते, त्या चालू आहेत का ते मोजत नाही. नळ आहे, पाणी नाही. शौचालय आहे, कुलूप आहे. किल्ली स्टेशनमास्तरकडे, आणि छोट्या हॉल्टवर स्टेशनमास्तरच नाही. मध्यंतरी रुपया-दोन रुपयांत थंड पाणी देणारी यंत्रं देशभर स्थानकांवर बसली होती, अनेक ठिकाणी ती कोविडनंतर तशीच उभी राहिली. पायरीची गंमत अशी की प्रवासी कमी झाले की स्थानक खालच्या पायरीवर जातं, तिथल्या किमान सुविधा कमी होतात आणि उरलेल्या प्रवाशांनाही घरी बसायला कारण मिळतं.

शौचालयाचा प्रश्न उपनगरी मार्गावर जास्त टोकदार असतो, कारण ईएमयू गाडीच्या डब्यात शौचालय नसतंच. मेडचलहून किंवा घटकेसरहून लिंगमपल्लीकडे निघालेल्या बाईला तासाहून जास्त वेळ स्थानकावरच्या सोयीवरच विसंबावं लागतं. मुंबईत २०११ मध्ये बायकांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' ही मोहीम उभी राहिली तेव्हा पुष्कळांना हसू आलं होतं, नंतर महापालिकेला तिची दखल घ्यावी लागली. हैदराबादेत तशी मोहीम रेल्वे स्थानकांभोवती उभी राहिली नाही. महिलांचे डबे आहेत, त्यांत कॅमेरे आले, १३९ हा मदत क्रमांक एकच केला हे उत्तम झालं. पण रात्री साडेनऊला जेम्स स्ट्रीट किंवा संजीवय्या पार्कच्या फलाटावर दोन दिव्यांच्या उजेडात एकटं उभं राहायचं असेल तर मदत क्रमांकापेक्षा शेजारी आणखी दहा प्रवासी असणं जास्त धीराचं. ते दहा जण वारंवार गाडी असेल तरच येतात.

पादचारी पुलाचा इतिहास तर मुद्दाम सांगायला हवा. वर्षानुवर्षं रेल्वेच्या हिशेबात पूल ही 'सुविधा' होती, म्हणजे पैसे उरले तर. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यानंतर रेल्वेने पुलाला सुविधांच्या यादीतून काढून सुरक्षिततेच्या यादीत टाकलं, लष्कराला बोलावून पाच महिन्यांत नवा पूल उभा केला. फलाटाच्या उंचीचंही तसंच. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला गाडी आणि फलाट यांच्यातल्या पोकळीत पडून एका विद्यार्थिनीने हात गमावले, उच्च न्यायालयाने कान पिळले, मग मुंबईचे फलाट उंच होऊ लागले. हैदराबादेत गर्दी कमी म्हणून असे प्रसंग कमी, पण जुन्या शहरात दबीरपुरा, याकूतपुरा, हुप्पुगुडा इथे वस्त्या रुळांना चिकटून आहेत आणि लोक पुलावर न चढता रूळ ओलांडतात. पूल फलाटाच्या एका टोकाला आणि मोहल्ल्याची गल्ली दुसऱ्या टोकाला असेल तर माणूस काय करणार? गुडघे दुखणाऱ्या म्हातारीसाठी चाळीस पायऱ्या ही सोय नव्हे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा झाला, लिफ्ट मोजक्या स्थानकांवर आल्या. मलकपेट, हुप्पुगुडा, याकूतपुरा 'अमृत भारत'च्या यादीत आहेत ही चांगली गोष्ट आहे. मेट्रो अजून जुन्या शहरात खोलवर शिरलेली नाही, म्हणून तिथे रुळावरची एकमेव सार्वजनिक सोय हीच. पहिला रुपया तिथे खर्च व्हावा, बेगमपेटच्या दर्शनी भागावर दुसरा.

हे कुणी ठरवायचं, हा या प्रश्नाचा गाभा. एमएमटीएसला मालकच नाही. रेल्वे म्हणते, आम्ही चालवतो पण ही राज्याबरोबरची भागीदारी आहे. राज्य म्हणतं, गाड्या रेल्वेच्या. दुसरा टप्पा २०१२ मध्ये मंजूर झाला, ८१६ कोटींचा, यावेळी दोन तृतीयांश वाटा राज्याचा. मेडचल, घटकेसर, उमदानगर, तेलापूर-रामचंद्रपुरम, सनतनगर-मौलाली असा जवळपास ९५ किलोमीटरचा विस्तार. दोन वर्षांत राज्य फुटून तेलंगणा वेगळं झालं. नव्या राज्याने वाटा वेळेवर भरला नाही असं रेल्वेने म्हणायचं, कामं रखडली म्हणून खर्च वाढला तो आमच्या माथी का, असं राज्याने विचारायचं. सनतनगर-मौलाली मार्गाचा काही भाग लष्करी हद्दीतून जातो, तिथे परवानगीसाठी वेगळी वर्षं गेली. मेडचलच्या गाड्या सुरू झाल्या एप्रिल २०२३ मध्ये, घटकेसर-लिंगमपल्ली मार्च २०२४ मध्ये. दोन्ही वेळी झेंडा पंतप्रधानांच्या हाती. झेंड्यानंतर फेऱ्या किती, तर मेडचल मार्गावर दोन गाड्यांमध्ये तासन्‌तास जातात. अम्मुगुडा, कॅव्हलरी बॅरॅक्स, अलवाल, बोलारम या जुन्या गोदावरी मार्गावरच्या स्थानकांवर नवे फलाट आहेत, नव्या निवाऱ्याखाली कबुतरं आहेत.

विमानतळाची कथा त्याहून न्यारी. शमशाबादचा विमानतळ मार्च २००८ मध्ये सुरू झाला. फलकनुम्याहून लोकल पुढे न्यायची ठरली, पण विमानतळाच्या आवारात रूळ घ्यायला विमानतळ चालवणारी कंपनी राजी झाली नाही. त्यामुळे गाडी उमदानगरपर्यंत येते आणि तिथून टर्मिनल पाच-सहा किलोमीटर उरतं. हातात बॅग घेऊन एवढ्यासाठी कोण उतरेल? लोक शहरातून थेट आरटीसीची पुष्पक बस पकडतात, आणि बरोबर करतात.

मुंबईचं सगळं आलबेल आहे असं नाही, पण १९९९ मध्ये तिथे रेल्वे आणि राज्य यांची मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ ही कंपनी झाली, प्रकल्पांना कुणीतरी नाव-पत्ता मिळाला. लंडनचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तिथले काही उपनगरी मार्ग खासगी कंपनीच्या हातात कुजत होते: गाड्या तुरळक, स्थानकं ओसाड, अंधारी. नोव्हेंबर २००७ मध्ये शहराच्या वाहतूक प्राधिकरणाने ते ताब्यात घेतले. पहिल्या दिवसापासून गाड्या चालू असेपर्यंत प्रत्येक स्थानकावर माणूस ठेवला, स्थानकं धुऊन काढली, मेट्रोचंच कार्ड तिथे चालू केलं, नकाशावर नारिंगी रंग दिला आणि फेऱ्या वाढवल्या. काही वर्षांत प्रवासी तिपटीहून जास्त झाले. त्यात नव्या मार्गांचा वाटा आहे हे खरं, पण जुन्या मार्गांवरही लोक परत आले. हैदराबादेत असं प्राधिकरण कागदावर आहे. महानगर विकास प्राधिकरणाच्या २००८ च्या कायद्यातच एकात्मिक वाहतूक प्राधिकरणाची तरतूद आहे. बस, लोकल, मेट्रो यांचं एक तिकीट, एक वेळापत्रक हे त्याचं काम. ते प्राधिकरण त्या दृष्टीने काम करताना कधी दिसलं नाही.

दरम्यान मोठी बांधकामं चालू आहेत. सिकंदराबाद स्थानकाचा सातशे कोटींचा पुनर्विकास २०२३ मध्ये सुरू झाला, २०२५ च्या सुरुवातीला जुनी कमानींची इमारत पाडली गेली. काम चालू असल्याने लांब पल्ल्याच्या कित्येक गाड्या इतर टर्मिनलांवर वळवल्या आहेत. त्यांतलं मुख्य चर्लापल्ली, ६ जानेवारी २०२५ ला उघडलेलं, ४१३ कोटींचं. विमानतळासारखी इमारत, ऐसपैस प्रतीक्षागृह, लिफ्ट, सरकते जिने, सगळं. शहराच्या ईशान्य टोकाला. पहाटे पाचला तिथे उतरलेल्या कुटुंबाला मेहदीपट्टणम किंवा दिलसुखनगर गाठायचं असेल तर रिक्षावाला जे म्हणेल ते भाडं. चर्लापल्ली घटकेसर-मौलाली या एमएमटीएसच्या मार्गावरच आहे, विजेची तार वर आहे, रूळ आहेत, लोकलचा फलाट आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वेळा धरून सिकंदराबाद, काचीगुडा आणि लिंगमपल्लीकडे पहाटे चारपासून अर्ध्या-अर्ध्या तासाने लोकल सोडायला नवा रूळ लागत नाही, जमीन लागत नाही, भूमिपूजन लागत नाही. वेळापत्रक लागतं, आणि दोन-चार रेक.